विहिरीच्या गोष्टीचा शेवट

केळशीकर बाई कुठलंही जुनं पुस्तक हातात आलं की आधी त्याचे कोपरे बघायच्या. कोपरा कुरतडलेला असला, पानावर तेलाचा डाग असला, कोणीतरी पेन्सिलीने राणीला मिशा काढलेल्या असल्या, की त्यांचा चेहरा खुलायचा. पुस्तक कोरंकरकरीत निघालं तर दोन बोटांनी बाजूला सारायच्या. "शाबूत राहिलंय. म्हणजे पोरांना आवडलं नाही."

हे मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं, कारण कपाट पुसताना एका पुस्तकाची सुटलेली पानं मी खळ लावून चिकटवायला निघाले होते. बाई मागून आल्या आणि पुस्तक हातातून काढून घेतलं. "दात लागलेत त्याला. तेच मला हवेत. तू भाजी बघ."

मी त्यांच्याकडे राजाजीनगरला स्वयंपाकाला होते. आमची खोली पीण्या या कारखान्यांच्या भागात, नवरा तिथल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर. आम्ही निपाणीकडचे, मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेली मी, म्हणून बाईंनी मला ठेवलं. त्या पुण्याहून लग्न होऊन इथे आलेल्या, नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. इतकी वर्षं बेंगळुरात काढून कानडीतलं सरी आणि स्वल्प, म्हणजे बरं आणि थोडं, एवढं सोडून त्यांनी काही उचललं नव्हतं. "मीठ कमी पडलंय हे मला माझ्या भाषेत सांगता आलं पाहिजे," म्हणायच्या. आणि सांगायच्याही, रोज. भाजी चांगली झाली तर गप्प बसायच्या. मी त्या गप्प बसण्यावरून ओळखायचे.

विद्यापीठात त्या बालसाहित्याचा इतिहास शिकवत. म्हणजे काय ते मला बरेच दिवस कळलं नाही. पोरांची पुस्तकं पोरांनी वाचावी, मोठ्या माणसांनी ती परीक्षेला कशाला घ्यायची, असं वाटायचं. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी सीमेवरच्या अथणीची एक मुलगी होती, उज्ज्वला. स्वयंपाकघरात येऊन माझ्याशी बोलणारी ती एकटीच. तिने मला सांगितलं, "अक्का, आधीच्या काळात पोरांच्या हातात काय देत होते, ते बघायचं. त्यांना शहाणं करायला देत होते, का घाबरवायला, का नुसतं गप्प बसवायला. पोरं मोठी होऊन काहीबाही सांगतात, पण लहानपणी त्यांना काय वाटलं ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून मॅडम ते दातबीत शोधतात."

शनिवारी दुपारी मराठी वाचणारे चार-पाचजण बाईंच्या घरी येत. पुण्या-नागपूरकडच्या मुली, एक मुंबईचा मुलगा आणि उज्ज्वला. बाई वेताच्या खुर्चीत बसत, बाकीचे सतरंजीवर. गळ्यात काळ्या दोऱ्यात कपाटाची किल्ली. ती कुणाच्या हातात देत नसत, अंघोळीलासुद्धा काढत नसत. पुस्तक त्याच काढायच्या, त्याच ठेवायच्या.

शनिवारी माझ्या रेणूची शाळा लवकर सुटायची. घरी कोणी नसे, म्हणून मी तिला सोबत आणायचे आणि स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसवायचे. एके दिवशी बाहेर कोणी गोष्ट वाचत होतं आणि ही दाराशी सरकत सरकत गेली. बाईंनी पाहिलं.

"किती वर्षांची?"

"सहा," मी म्हटलं.

"ये इकडे, सहा."

नाव त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसापासून रेणू त्यांच्यासाठी सहा झाली. पुढच्या वर्षी सात. "सात आली का?" असं त्या दारातूनच विचारायच्या.

बाईंची पद्धत अशी होती. विद्यार्थ्याने जुन्या पुस्तकातली गोष्ट रेणूला वाचून दाखवायची. रेणूने जांभई दिली किंवा पायाच्या बोटाशी खेळायला लागली, की बाई हात वर करत आणि वाचणारा गप्प. तिची कुठे आणि का जांभई आली, यावर मग तासभर बोलणं. आणि गोष्ट रंगात आली, रेणू गुडघ्यावर उठून बसली, की बाई पुन्हा हात वर करत. पुस्तक मिटायचं.

"पुढे काय होईल, सहा?"

रेणू सांगायची. बाई ऐकून घ्यायच्या, मुलांना लिहायला लावायच्या आणि म्हणायच्या, "नोंद झाली. जा."

गोष्टीचा शेवट कधीच सांगत नसत. कुठल्याच गोष्टीचा. पहिल्यांदा रेणू उठली नाही, तशीच बसून राहिली. बाई म्हणाल्या, "शेवट कळला की पुढचं उत्तर बिघडतं. मग तू मला सांगायला बघशील की तुला शेवट येतो. मला तुझं शहाणपण नकोय."

मी आतून कणीक मळता मळता काहीतरी बोलून गेले. त्या गोष्टीत कोल्हा होता, मी म्हटलं तो पळून जाईल बहुतेक. मी मुद्दाम नव्हते बोलले, तोंडातून गेलं. बाहेर वाचन थांबलं. मग बाई म्हणाल्या, "अगं, तुला कोणी विचारलं? मोठ्यांची उत्तरं कामाची नसतात. ती ऐकून ऐकून पाठ झालेली असतात." मुंबईचा मुलगा हसला. त्यानंतर शनिवारी मी स्वयंपाकघराचं दार पुढे लोटून घ्यायला लागले.

उज्ज्वला जाताना पाणी प्यायला आत यायची आणि रेणूच्या कानात शेवट सांगायची. "कोल्हा पळाला. शेपूट तुटली त्याची." रेणू खूश. पुढच्या शनिवारी बाईंसमोर तोंड उघडायची नाही, इतकी हुशारी तिला होती. असे बऱ्याच गोष्टींचे शेवट तिला मिळाले. एका गोष्टीचा सोडून.

ती विहिरीची गोष्ट. बाईंच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर, कापडात गुंडाळलेली एक पातळशी पुस्तिका होती. जुन्या बाजारात रद्दीच्या ढिगात त्यांना सापडलेली, वर नाव नव्हतं, लिहिणाऱ्याचं तर नव्हतंच. नवीन वर्ग आला की ती गोष्ट वाचली जायची, त्यामुळे मलाही पाठ झाली. रानात एक विहीर असते. तीन भाऊ धाकट्या बहिणीला विहिरीच्या काठावर बसवून दोर आणायला जातात. हलू नकोस म्हणून सांगतात. रात्र होते, ते येत नाहीत. विहिरीतून एक कासव म्हणतं, "खाली ये, तुझ्या भावांचे आवाज इथे ऐकू येतात." मुलगी कान देते. खरंच आवाज येतात. ती पायरीवर एक पाय ठेवते.

इथे बाई हात वर करत.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा रेणूने आधी पाय पोटाशी घेतले. मग म्हणाली, "ती आधी दगड टाकून बघेल."

"का?"

"आवाज कसा येतो बघायला. पाणी असलं तर डुबुक येतो. भाऊ असले तर ओरडतील."

बाईंनी त्या दिवशी 'नोंद झाली' म्हटलं नाही. त्या उठल्या, आत आल्या, डब्यातला बेसनाचा लाडू काढून रेणूच्या हातावर ठेवला. मला वाटलं आता शेवट सांगतील. रेणूलाही वाटलं. लाडू हातात धरून ती तशीच बघत राहिली.

"हे बरोबर आहे?" तिने विचारलं.

"शेवट माझ्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "ज्या दिवशी बरोबर सांगशील, त्या दिवशी मी सांगेन."

दगडाचं ते उत्तर बाईंनी पुढे कुठल्या तरी मोठ्या सभेत वाचून दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं उज्ज्वलाने सांगितलं. त्यात रेणूचं नाव नव्हतं. एक सहा वर्षांची मुलगी, एवढंच होतं.

रेणूला मात्र त्या विहिरीने धरलं. बसमध्ये, झोपताना, केस विंचरताना, एकच. "आई, तिचे भाऊ परत येत असतील का?" "आई, कासव चांगलं असतं ना?" प्रत्येक नव्या उत्तराबरोबर ती बाईंकडे जायची आणि बाई म्हणायच्या, "नोंद झाली." एका शनिवारी तिला ताप होता. मी तिला शेजारच्या अक्कांकडे ठेवत होते, ती ऐकेना. तिला उत्तर सापडलं होतं म्हणे. तापल्या अंगाने येऊन बाईंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ येणारच नव्हते. त्यांनी तिला टाकली. कासवाला ते माहीत आहे."

सतरंजीवरची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाई पुढे वाकल्या.

"मग ती काय करते?"

रेणूला पुढचं येईना. ती रडायला लागली. उज्ज्वला उठायला लागली तशी बाईंनी तिला हाताने खाली बसवलं. त्या घड्याळाकडे बघत होत्या. रेणू रडायची थांबेपर्यंत त्यांनी कोणाला हलू दिलं नाही, मग मुलांना म्हणाल्या, "लिहा. टाकली हा शब्द स्वतः उच्चारल्यावर रडली, ऐकताना नाही. हे फार महत्त्वाचं आहे." आणि मग रेणूला, "नोंद झाली, सात. आईकडे जा."

उज्ज्वला तेव्हा बोलली. "मॅडम, तिला ताप आहे. आणि आपण तिला खोटं का सांगतोय?"

बाईंनी आवाज चढवला नाही, कधीच चढवत नसत. "तुझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं वाचली मी काल. नीटनेटकी आहेत. काळजी करू नकोस, तुझा प्रबंध शाबूत राहील. कोणाचे दात त्याला लागणार नाहीत."

बाकीच्यांना ती थट्टा कळली. ते हसले. बाईंपाशी हसावंच लागायचं. उज्ज्वलाच्या उच्चारांची थट्टा तर रोजचीच होती. ती गोष्ट वाचायला लागली की बाई डोळे मिटून म्हणायच्या, "विहीर अथणीत नाहीये, बाळ. रानात आहे." त्या वर्षाअखेर उज्ज्वलाने शिकणं सोडलं. यशवंतपूरला तिच्या मामाचं गोडाऊन होतं, तिथे हिशेबाला बसली. शेवटच्या दिवशी आली तेव्हा बाई घरात नव्हत्या. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"अक्का, स्वल्प चहा द्या," म्हणाली. मग म्हणाली, "त्या विहिरीच्या पुस्तकाला शेवटच नाही. मागची पानं फाटलेली आहेत. पायरीवर पाय ठेवते तिथेच संपतं. मॅडम नोकरीला लागल्यापासून दुसरी प्रत शोधतायत. कुठल्या कुठल्या गावांच्या वाचनालयांत गेल्या, म्हाताऱ्या माणसांना भेटल्या. कुणाकडेच नाही. ज्यांच्या घरात होती त्यांच्या पोरांनी फाडून टाकली. पोरांना फार आवडली असणार."

"मग रेणूला सांगतात ते?"

"त्यांना वाटतं, तिने खूप उत्तरं दिली की त्यातलं एखादं खरं निघेल. शेवट नाहीच असं कळलं तर ती विचार करायचं थांबेल ना." तिने चहा संपवून कप धुऊन ठेवला. "तिला सांगा तुम्ही."

मी त्याच दिवशी बसस्टॉपवर सांगितलं. रेणूने मान हलवली. "बाई म्हणाल्या त्यांच्याकडे आहे." मी म्हटलं, अगं, पानंच नाहीत. ती म्हणाली, "तू बघितलंस?" मी बघितलं नव्हतं. किल्ली बाईंच्या गळ्यात. रेणूला तर तेव्हा मराठी वाचताही येत नव्हतं, शाळा कानडी. तिला वाटलं मी तिचा हट्ट मोडायला सांगतेय.

रेणू नऊ वर्षांची झाली आणि बाईंनी तिला बोलावणं बंद केलं. शनिवारी ती ओट्याशी बसून वाट बघत होती, बाहेर गोष्ट सुरू झाली आणि तिला कोणी हाक मारली नाही. ती आपणहून गेली. बाई म्हणाल्या, "तू आता नको. तुझी उत्तरं शिकवल्यासारखी यायला लागलीत."

"आणि विहिरीचं?"

"काय विहिरीचं?"

"शेवट."

"बरोबर सांगितलंस का तू कधी?" असं म्हणून त्या माझ्याकडे वळल्या. "घरात धाकटं आहे का कोणी? पाचच्या आतबाहेरचं?"

नव्हतं. मग त्यांनी वरच्या मजल्यावरच्या लोकांचा मुलगा घेतला. तोही पाच म्हणूनच ओळखला जायचा. रेणू पुन्हा त्या घरी आली नाही. मी जात राहिले, स्वयंपाकाचं दुसरं घर इतकं जवळ मिळत नव्हतं. रेणूने विहिरीचं नाव काढणंही सोडलं. सहावीत शाळेत हिंदी आलं तेव्हा तिला ती अक्षरं यायला लागली, आणि घरातल्या कॅलेंडरवरची मराठी ती आपल्याआपण वाचायला लागली. मला आनंद झाला. आम्ही दोघी मिळून मग मराठी वाचायचो, कधी पुडीचा कागद, कधी देवाचं पुस्तक.

बाई निवृत्त झाल्या. शनिवारची माणसं कमी होत होत थांबली. साखर वाढून त्यांचे डोळे गेले, आधी एक, मग दुसऱ्यातलंही बरंचसं. खिडकी कुठे आहे तेवढं दिसायचं. डोकंही कधी ठिकाणावर असे, कधी नसे. जेवून झाल्यावर विचारायच्या, "आज स्वयंपाक नाही का?" मी पुन्हा अर्धी पोळी वाढायचे. एखाद्या दिवशी मात्र लख्ख असायच्या, भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगायच्या. भाचा म्हैसूरहून यायचा आणि घर विकायचं बोलून जायचा. किल्ली गळ्यातच होती.

एक दिवस म्हणाल्या, "तुझ्या मुलीला आता वाचता येत असेल. तिला म्हणावं, मला वाचून दाखव. इथे कोणी मराठी वाचणारं नाही."

मला वाटलं रेणू नाही म्हणेल. ती कॉलेजात होती, अकरावीला. मी निरोप सांगितला तेव्हा ती मोबाईल बघत होती. मान वर न करता म्हणाली, "शनिवारी येते."

ती आली. बाईंनी पावलं ऐकली. "कोण? सहा का?"

"सोळा," रेणू म्हणाली.

बाईंनी हात पुढे केला, तो तिने धरला नाही. मग त्यांनी गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला आणि किल्ली हवेत धरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ती त्यांच्या गळ्याबाहेर पाहिली. "वरची फळी. कापडात आहे," म्हणाल्या. कुठलं पुस्तक ते सांगायची गरज नव्हती.

मी दारात उभी राहिले. रेणू समोरच्या सतरंजीवर बसली नाही, खुर्ची ओढून घेतली. तिने हळूहळू वाचलं, जोडाक्षरांना थांबत. बाई ओठ हलवत होत्या, शब्द आधीच म्हणत होत्या. भाऊ गेले. रात्र झाली. कासव बोललं. मुलीने पायरीवर एक पाय ठेवला. रेणूने पान उलटलं.

पुढे काही नव्हतं. फाटलेल्या कागदाची एक तपकिरी पट्टी शिवणीला चिकटून होती, मला दारातूनही दिसली. रेणू त्या पट्टीकडे बघत राहिली. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं होतं तिला, बसस्टॉपवर.

"थांबलीस का?" बाई म्हणाल्या. "वाच पुढे."

त्यांना पानं नसल्याचं आठवत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. चेहरा तर असा होता, जसा रेणूचा असायचा. गुडघ्यावर उठून बसायची तेव्हाचा.

रेणूने विचारलं, "पुढे काय होईल, बाई?"

बाई हसल्या. त्यांना मजा वाटली. मग खरंच विचार करायला लागल्या. कपाळाला आठ्या घालून, बोटं खुर्चीच्या हातावर आपटत. आणि एकदम म्हणाल्या, "ती आधी दगड टाकून बघेल. आवाज कसा येतो बघायला."

मला वाटलं, आता ती सांगेल की हे माझं आहे.

"नोंद झाली," ती म्हणाली.

"बरोबर आहे का? वाच ना."

टीपॉयवर टेलिफोनचं जुनं जाड पुस्तक पडलेलं होतं. रेणूने ते पुढे ओढलं आणि त्याचं एक पान उलटलं, बाईंना ऐकू जाईल असं. थोडं थांबून दुसरं उलटलं. बाईंचं तोंड त्या आवाजाकडे वळलं. रेणू मान खाली घालून बसली, मनातल्या मनात वाचल्यासारखी. मध्येच हलकंसं हसली. तिसरं पान उलटलं. मग विहिरीची पुस्तिका मिटून कापडात गुंडाळली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि दोरा बाईंच्या गळ्यात घालून किल्ली त्यांच्या पदराखाली नीट सारली.

"शेवट छान आहे," ती म्हणाली.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "आहे? काय आहे? काय होतं गं?"

"नको. उत्तर बिघडेल तुमचं."

तिने चपला घातल्या आणि मला म्हणाली, "मी खाली थांबते."

मला भांडी आवरायची होती. मी ती आवरली. बाई बाहेर स्वतःशी बोलत होत्या. दगड टाकला. मोठा की लहान. मोठा तिला उचलणार नाही. बोटं हातावर आपटत होती. मी त्यांचं ताट वाढून टीपॉयवर झाकून ठेवलं, पाण्याचा तांब्या हाताला लागेल असा ठेवला.

त्यांनी माझा पदर धरला.

"अगं, दगड टाकला तिने. पाण्याचा आवाज आला का?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी गोष्टीतलं काही विचारलं नव्हतं. आणि माझ्याकडे उत्तर होतं. ती गोष्ट मी त्यांच्यापैकी कोणाहीपेक्षा जास्त वेळा ऐकली होती, लोटलेल्या दारामागून, आणि शेवटही मी केव्हाच जुळवून ठेवला होता.

मी पदर सोडवून घेतला, पंखा एकवर केला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. त्याच आठवड्यात भाचा येऊन त्यांना म्हैसूरला घेऊन गेला. दार ओढताना फटीतून दिसल्या तेवढंच शेवटचं. वेताच्या खुर्चीत पुढे वाकून, किल्ली मुठीत धरून, कपाटाकडे कान लावून बसल्या होत्या.